उचल घेऊन गेलेला माणूस परत आला, तर?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, चौदा माणसं. मार्चमध्ये एका ओळखीच्या वकिलांच्या शब्दावर सत्तावीस वर्षांचा एक पोरगा घेतला. हाफ मर्डरच्या केसमध्ये पाच वर्षं कळंबा जेलमध्ये काढून आलेला. वेल्डिंगला हात चांगला, बोलणं कमी. गणपतीच्या तोंडावर बारा हजार उचल घेतली आणि दोन दिवसांत गायब. फोन बंद. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर हजर, ‘घ्या कामावर’ एवढंच म्हणाला. बाकीची पोरं म्हणतात हाकला, घरी बायको तेच म्हणते. एकदा संधी दिली, ती त्यानं घालवली. परत द्यायची का?

उत्तर :

घ्या. पण लगेच आज घेऊ नका, आणि आधीच्या पद्धतीनं तर मुळीच घेऊ नका.

सुटून आलेल्या माणसांना काम लावून देणं हेच माझं वीसेक वर्षांचं काम. मालकांचे फोन मला दोन प्रकारचे येतात. पहिला येतो माणूस ठेवल्यावर पंधरा दिवसांनी : ‘ताई, हिरा दिलात.’ दुसरा चार-सहा महिन्यांनी, तुमच्यासारखा. पहिल्या फोननं मी आता खूश होत नाही. सुरुवातीला माणूस जेलच्या शिस्तीवर चालत असतो. वेळेवर येतो, उलटं बोलत नाही, लघवीला जाताना परवानगी मागतो, डबा पाच मिनिटांत संपवून परत उभा. मालकाला वाटतं, काय गुणी पोरगा! तो गुण त्याचा नसतो, बॅरेकचा असतो. ती सवय हळूहळू उतरते आणि मग खरं आयुष्य अंगावर येतं : देणी, नातेवाईक, जुने दोस्त, पोलीस ठाणं. तुमच्याकडे तो त्याच टप्प्यावर आहे. मला तर काळजी त्यांची वाटते, जे सहा महिन्यांत एकदाही चुकत नाहीत.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जी तुम्ही सहज लिहून गेलात. गणपतीच्या आधी गेला आणि विसर्जनानंतर दुसऱ्याच दिवशी आला. या तारखा बघा. ज्याच्या नावावर मारामारीचा गुन्हा आहे, त्याचं गणपतीत काय होतं हे कोल्हापूर-सांगली भागात राहून आपल्याला माहीत नसावं, हे नवल आहे. मंडळं बसायच्या आधी ठाण्यात रेकॉर्डवरच्या लोकांच्या याद्या निघतात. कुणाला नोटीस काढून तहसीलदार किंवा प्रांतांपुढे उभं करतात, शांतता राखण्याचा बाँड घेतात. आपण ज्याला चॅप्टर केस म्हणतो ती हीच. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 107 आणि 110 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत ते 126 आणि 129 झालं. कुणाला सण संपेपर्यंत हद्दीबाहेर राहायचा आदेश मिळतो, म्हणजे तात्पुरती हद्दपारी. त्या दहा-अकरा दिवसांत तो शहरात सापडला, तर तेवढ्यावरच नवा गुन्हा दाखल.

तुमच्या पोराच्या बाबतीत हेच झालं असं मी छातीठोक सांगत नाही. बारा हजारांची दारू पिऊन तो कुठे पडलाही असेल. पण आधी विचारा तरी. आणि विचारताना ‘कुठं तोंड काळं केलं होतंस?’ असं विचारू नका. ‘पोलिसांनी बोलावलं होतं का? नोटीस आली होती का?’ असं सरळ विचारा. नोटीस असेल तर कागद असतो. कागद बघायला मागा. तो काही अपमान नाही. खरं बोलणाऱ्याला उलट बरं वाटतं की कुणीतरी कागद बघितला.

मग फोन का केला नाही? पोलिसांचं नाव ऐकलं की मालक काढतो, हा त्याचा अनुभव किंवा दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं. म्हणून माणूस आधी पळतो आणि मग परत येऊन मान खाली घालतो. आपल्याला ते उलट्या काळजाचं वाटतं, त्याला सुरक्षित वाटतं. हा हिशेब चुकीचा आहे हे त्याला तुम्हीच दाखवू शकता, दुसरं कुणी नाही.

दुसरी गोष्ट. ‘पाच वर्षं काढून आला’ असं तुम्ही लिहिलंय. शिक्षा भोगून आला की जामिनावर? हा प्रश्न नव्वद टक्के मालक विचारतच नाहीत, असं मला वाटतं. आपल्या डोक्यात जेल म्हणजे शिक्षा. प्रत्यक्षात देशातल्या तुरुंगांत 2022 च्या अखेरीस 5,73,220 माणसं होती, त्यांतली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नव्हता. चारातले तीन. तुमचा पोरगा जामिनावर असेल तर त्याच्या केसच्या तारखा अजून चालू असणार, कदाचित आठवड्याला ठाण्यात हजेरीही असेल. तसं असेल तर त्याच्या रजा आधीच कॅलेंडरवर मांडून घ्या. सोमवारी तारीख आहे हे शुक्रवारी कळलं, तर तुमचं काम अडत नाही. सोमवारी सकाळी फोन बंद लागला, तर अडतं. आणि निकाल लागलाच नसेल, तर तो अजून कायद्यानं गुन्हेगार ठरलेलाही नाही, एवढं वर्कशॉपमधल्या पोरांना सांगण्याआधी स्वतःला सांगा.

उचलीबद्दल मात्र मी तुमच्यावरच थोडी चिडणार आहे. सुटून आलेल्या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत बारा हजार एकरकमी हातात द्यायचे नसतात. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. तो सुटल्यापासून त्याच्या दारात रांग लागलेली असते. वकिलाची बाकी, आईच्या आजारपणात काढलेले पैसे, बहिणीच्या लग्नाचं देणं, आत असताना ज्यानं एखादी मनीऑर्डर केली तो दोस्त. पाच वर्षं घरानं त्याच्यासाठी जे भोगलं, ते त्याला एका महिन्यात फेडून टाकायचं असतं. मोठी रक्कम आली की ती याच्या खिशातून संध्याकाळपर्यंत जाते, आणि दुसऱ्या दिवशी बसलाही पैसे नसतात. मग कामावर येणंच लाजेचं होतं.

यावर उपाय आहे आणि तो तुमच्याच हातात आहे. सहा महिने आठवड्याचा पगार द्या. उचल लागली तर जास्तीत जास्त एका आठवड्याच्या पगाराएवढी, तीही कशाला ते सांगून. शक्य असेल तिथे पैसे त्याच्या हातात न देता थेट जिथे द्यायचेत तिथे द्या : मेडिकलवाल्याला, घरमालकाला. आताचे बारा हजार आठवड्याला थोडे-थोडे कापा. एकदम कापायचा मोह होईल. कायदाही एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर सहसा जाऊ देत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी निम्म्या पगारात जो घर चालवू शकत नाही तो पुन्हा कुणाकडे तरी उचल मागणार. त्याचं आधारकार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून घेणारे मालकही मी पाहिलेत. तसलं काही करू नका. कागद अडकवून माणूस टिकत नाही, फक्त चिडतो.

कागदांवरून आठवलं. त्याचं बँक खातं चालू आहे का, बघा. पाच वर्षं आत असलेल्या माणसाचं सिमकार्ड कधीच बंद पडून दुसऱ्याला गेलेलं असतं. आधारला जोडलेला नंबर तोच जुना. आता प्रत्येक गोष्टीचा ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. खात्यातले पैसे दिसत नाहीत, यूपीआय सुरू होत नाही, म्हणून तो पगार रोख मागतो आणि रोख उडते. आधार केंद्रावर जाऊन अंगठा देऊन नंबर बदलता येतो, जुना नंबर लागत नाही. एका दुपारचं काम आहे, पण त्या खिडकीवर आपण होऊन उभं राहायला तो घाबरतो. तुमच्या ऑफिसातल्या कुणालातरी त्याच्याबरोबर पाठवा. तुमची चौदा माणसं आहेत, म्हणजे ईएसआयसी, कामगारांचा सरकारी विमा, तुम्हाला लागू असणारच. 21,000 पर्यंत पगार असेल तर त्याचंही नाव त्यात असायला हवं. ‘बघू, टिकतो का आधी’ म्हणून मालक हे लांबवतात. टिकण्याचं निम्मं कारण तेच असतं. ज्याचं नाव कुठल्याच चांगल्या रजिस्टरात नाही, त्याला एका रजिस्टरात आल्याचं काय वाटतं ते मी शब्दांत नीट सांगू शकत नाही, पण ईएसआयसीचं कार्ड लॅमिनेट करून पाकिटात ठेवणारी माणसं मी बघितली आहेत.

एक बारीक गोष्ट : नाइट शिफ्ट सध्या देऊ नका. जेलमध्ये संध्याकाळचं जेवण उजेडातच होतं आणि दिवस मावळायच्या आत बंदी होते, म्हणजे बॅरेकला कुलूप. वर्षानुवर्षं हे झाल्यावर अंधार पडला की माणूस आतून आवळला जातो. आळशीपणा नसतो तो.

आता बाकीची पोरं. त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि तुम्ही ते मनावर घ्यायला हवं. त्यांच्यातल्या कुणी न सांगता अकरा दिवस दांडी मारली असती, तर तुम्ही काय केलं असतं? जे केलं असतं तेच याला करा, कमी नाही आणि जास्त नाही. खाडे असतील तर खाडे लावा, लेखी समज देत असाल तर द्या. दया म्हणून सोडून दिलंत, तर चौदा जणांच्या डोळ्यांत तो कायमचा ‘साहेबांचा जेलवाला’ होईल. नियम सगळ्यांना सारखा लागला, तर तो त्यांच्यातलाच एक होतो. त्याच्या केसबद्दल सगळ्यांना माहीत आहे असं तुमच्या पत्रावरून दिसतं. ते आता परत घेता येणार नाही. पण पुढच्या वेळी फोरमनपलीकडे कुणालाही सांगायची गरज नसते.

तुमच्या मिसेसची भीतीही खोटी नाही. त्यांना समजावत बसण्यापेक्षा घर आणि वर्कशॉप वेगळं ठेवा. चांगल्या मनाचे मालक इथेच गडबड करतात. ‘घरच्यासारखा आहे’ म्हणत पोराला बंगल्यावर गॅस सिलिंडर चढवायला पाठवतात, मुलांना शाळेतून आणायला सांगतात, दिवाळीला पंगतीत बसवतात. त्याला काम हवं आहे, घर त्याला आहे. नातं जोडलंत की मग पुढचं वाक्य फार लांब नसतं : ‘तुला मी घेतला म्हणून, नाहीतर...’ हे एकदा तोंडातून गेलं की खेळ संपला. माणूस उपकाराखाली वर्षभर राहतो आणि एक दिवस भांडून जातो, आणि आपण म्हणतो, कृतघ्न! मी मालकांना नेहमी सांगते, आभाराची अपेक्षा असेल तर देवळाला देणगी द्या, पाटीवर नाव तरी येईल.

हे सगळं तुम्हाला हिशेबी वाटेल. संधी देणं म्हणजे मन मोठं करणं, असं आपण धरून चालतो. मला तसं वाटत नाही. मोठ्या मनानं दिलेली संधी पहिल्या धक्क्याला फुटते, कारण मन दुखावतं. नीट बांधून दिलेली संधी धक्के खाते. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. कमी विश्वासातही चालेल असं काम त्याला द्या, आणि विश्वास ज्या गतीनं यायचा त्या गतीनं येऊ दे.

याचा आपल्याकडचा एक जुना दाखला तुमच्यापासून फार लांब नाही. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. 1939 मध्ये औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरच्या पुढाकारानं तिथे कैद्यांची उघडी वसाहत वसवली. भिंत नाही, बेड्या नाहीत. त्यावर बेतलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिलाय, आणि त्यामुळे आपल्याला वाटतं की एका भल्या अधिकाऱ्याच्या नजरेनं ती माणसं सुधारली. सिनेमाला ते शोभतं. तिथली रचना बघितली तर वेगळंच दिसतं. कसायला जमीन, हाताला काम, आणि बायको-मुलांना बरोबर राहायची मुभा. ज्याचं कुटुंब तिथेच झोपतं तो पळून जाणार कुठे? त्याला देवमाणूस व्हायला कुणी सांगितलं नव्हतं. पळण्यापेक्षा राहणं सोयीचं होईल अशी व्यवस्था केली होती. राज्याच्या तुरुंग विभागाकडे ती वसाहत पुढेही चालू राहिली. पैठणचा खुला तुरुंग, येरवड्याचा खुला तुरुंग, ही सगळी त्याच वाटेवरची.

याच्या नेमकं उलटं उदाहरण सोलापूरचं. 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, पुढे आपल्याकडे सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात ठेवल्या. दिवसा गिरणीत काम, संध्याकाळी परत कुंपणात आणि हजेरी. त्यांना दुसरी संधी सोडा, पहिलीच मिळाली नव्हती. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, पण ठाण्यातली नजर गेली नाही. म्हणून एवढंच सांगते : तुमच्याकडे उद्या पारधी किंवा अशाच समाजातला कुणी कामाला आला आणि त्याच्या नावावर चार गुन्हे दिसले, तर त्यातला सुटलेला किती आणि शाबीत किती हे विचारल्याशिवाय मत बनवू नका.

आता ‘किती वेळा?’ हा तुमच्या प्रश्नामागचा प्रश्न. एकदा, दोनदा, तीनदा असा आकडा मी धरत नाही. मी मधलं अंतर बघते. पहिल्यांदा सहा महिन्यांनी बिघडला, पुढच्या वेळी वर्षानं बिघडला आणि चार दिवसांत परत आला, तर माणूस सुधारतोय. सहा महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणि दोनावरून तीन आठवड्यांवर आला, तर संधी देत बसून तुम्ही त्याचं नुकसानच करताय. त्याला कामाआधी दुसरं काहीतरी हवं आहे, बहुतेक वेळा व्यसनमुक्तीचं उपचार केंद्र. दुसरं बघायचं ते हे, की बिघडल्यावर तो कसा परत येतो. तुमचा पोरगा स्वतः गेटवर आला. बारा हजार बुडवून तो गोकुळ शिरगावला दुसरीकडे सहज लागला असता, वेल्डरला काय तोटा आहे? तो तुमच्याकडे आला. मी याला बरंच वजन देते.

माझ्या अनुभवात, एका भांडणात हात उठलेला माणूस कामाला बहुतेक वेळा टिकतो. तीनशे दोनवाले म्हटलं की मालक दचकतात, पण त्यांच्यातली कितीतरी माणसं अतिशय स्थिर असतात. खरी कसोटी लागते ती छोट्या-छोट्या चोऱ्यांत पाच-सहा वेळा आत-बाहेर झालेल्या पोरांची, कारण तिथे मागे नशा असते.

आणि काही ठिकाणी मी स्वतःच नाही म्हणते. मशीनवर पिऊन आला तर त्या क्षणी बाहेर, कारण तिथे दुसऱ्याची बोटं जातात. कामाच्या ठिकाणी कुणाला धमकी दिली, बाईमाणसाला त्रास दिला, सहकाऱ्याच्या पाकिटाला हात घातला, तर त्यात चर्चा नाही. ज्याची केस लहान मुलांच्या बाबतीतली आहे त्याला मुलं असतील अशा जागी मी काम लावत नाही, तो कितीही बदलला असला तरी. दुसऱ्याच्या सुरक्षिततेवर आपण औदार्य दाखवायचं नसतं. तुमच्या पोरानं यातलं काहीही केलेलं नाही.

तर त्याला परवा बोलवा. फोरमन समोर असू दे, बाकी कुणी नको. आधी अकरा दिवसांचं विचारा, कागद असेल तर बघा. मग सांगा : खाडे लागले, उचल दर आठवड्याला एवढी कापणार, पगार आठवड्याला, आणि तारीख असो, नोटीस असो, पोलिसांचा फोन असो, आदल्या दिवशी फोरमनला कळवायचं. कळवलंस तर नोकरी जाणार नाही. हे शेवटचं वाक्य दोनदा सांगा. दिवाळीनंतर पुन्हा बसू म्हणा, आणि खरोखर बसा. दारूचे पैसे झाले असतील आणि त्यानं ते कबूल केलं, तरी अटी याच. फक्त त्यात उपचार केंद्रात नाव घालणं हीही एक अट वाढवा.

वकिलाच्या देण्यासाठी तो उचल मागत असेल, तर त्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात पाठवा. 1987 च्या कायद्यानं ज्यांना मोफत वकील मिळतो त्यांच्या यादीत औद्योगिक कामगारही आहे. म्हणजे तुम्ही त्याला रजिस्टरवर घेतलंत, तर तो तिथे कामगार म्हणून अर्ज करू शकतो. त्यासाठी तुमच्या लेटरहेडवर चार ओळी लागतील, त्या तेवढ्या आजच टाइप करून ठेवा.